आरएक्स १००: क्रँककेसमधली हेलिकॉइल आणि कॅरिअरची पट्टी

मागच्या वेळेपासून माझ्या यामाहा आरएक्स १०० मोटरसायकलचं काम दोन ठिकाणी पुढे गेलं. क्लच कव्हर जिथे आवळतं, त्या क्रँककेसमधल्या (इंजिनच्या खालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीतल्या) एका भोकाचे आटे पार गेले होते, तिथे हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसली. दुसरं, मागच्या कॅरिअरसाठी लोखंडी पट्टीला एम-८ चे (८ मिमी व्यासाच्या बोल्टचे) आटे पाडून झाले. दोन्ही कामांत खरा वेळ भोक पाडण्यात गेला, आटे पाडणारा टॅप फिरवायला फार थोडा लागला. आता माझं ठाम मत झालंय की आट्यांचं काम ड्रिललाच ठरतं.

आधी पट्टीचं सांगतो, कारण ते सोपं. जालन्यात रोलिंग मिल भरपूर, त्यामुळे भंगारात पट्टीचे चांगले तुकडे मिळतात. ६ मिमीची पट्टी हाताशी होती, तरी १० मिमीची घेतली. एम-८ ची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ मिमी. म्हणजे ६ मिमीमध्ये पाच आटेसुद्धा पुरे बसत नाहीत, १० मिमीमध्ये आठ बसतात. लोखंडात आट्यांची खोली निदान बोल्टच्या व्यासाएवढी हवी. कॅरिअरवर खताची पिशवी किंवा सिलिंडर चढणार, तेव्हा इथे काटकसर नको.

ड्रिल किती मापाचं, याचा हिशेब साधा आहे: व्यासातून पिच वजा करा. एम-६ ला ५, एम-८ ला ६.७५, बाजारात ६.८ मिळतं. एम-१० ला मात्र थांबून बघा. जपानी बनावटीच्या गाड्यांत १० चा बोल्ट बऱ्याचदा १.२५ पिचचा असतो आणि हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो तो १.५ चा. असा चुकीच्या पिचचा बोल्ट दोन-तीन आटे हाताने जातो, मग अडकतो. तिथे पाना लावला की भोक गेलंच समजा. पिच मोजायचं पिच गेज स्वस्त मिळतं, पेटीत ठेवाच.

आता क्रँककेस. अ‍ॅल्युमिनियम मऊ, म्हणून सोपं वाटतं, पण त्याचा कीस कणकेसारखा टॅपला चिकटतो आणि पुढचे आटे ओरबाडत नेतो. म्हणून रॉकेल लावायचं. आता ते मिळणं अवघड झालंय, डब्ल्यूडी-४० नेही काम भागतं. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी टॅप पूर्ण बाहेर काढून पुसायचा. भोक आंधळं असलं, म्हणजे आरपार नसलं, तर ही शिस्त मोडून चालत नाही. कीस तळाशी दाबला गेला की टॅप तुटतो. तुटलेला टॅप साध्या ड्रिलने निघत नाही, कारण दोघांचं पोलाद सारखंच कडक. मग स्पार्क मशीनवर जाळून काढावा लागतो.

एम-६ च्या हेलिकॉइलला ६.३ चं ड्रिल आणि तिचा स्वतःचा टॅप लागतो, नेहमीचा एम-६ चा चालत नाही. इंजिन गाडीवरच होतं, म्हणून क्लचवर कापड कोंबलं आणि ड्रिल-टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं. कीस ग्रीसमध्येच अडकतो, आत पडत नाही. ड्रिलवर टेप गुंडाळून खोलीची खूण केली. हेलिकॉइल कडेपासून पाव ते अर्धा आटा खाली बसवली, मग तिची शेपटी तोडून चिमट्याने काढली. ती आत राहिली तर गिअर आणि क्लचची वाट लागेल.

सरळपणा हा सगळ्यात महत्त्वाचा. आमच्याकडचे टर्नर काका छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कंपन्यांना जॉब करून देण्यात म्हातारे झाले. बजाजचा कारखाना तिथे १९८५ ला आला आणि त्याच्याभोवती वर्कशॉप वाढली. मराठवाड्यात असे हात आजही सापडतात, त्यांच्याजवळ जाऊन बसा. मी टॅप धरला तर काका म्हणाले, “घाई कशाला करायलास? आधी गुण्या लाव.” टॅप दोन आटे धरला की गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावायचा, मग पाव फेरा फिरवून दुसऱ्या बाजूने लावायचा. वाकडेपणा तेवढ्यातच दुरुस्त होतो. पुढे जोर लावून सरळ करू गेलं तर आटे एका बाजूने खाल्ले जातात.

काकांची दुसरी युक्ती मला फार आवडली. सपाट ठोकळ्याला ड्रिल मशीनवर काटकोनात भोक पाडायचं आणि तो ठोकळा जॉबवर दाबून त्यातून टॅप घालायचा. कव्हर काढलेल्या क्रँककेसची कड सपाट असते, त्यामुळे ठोकळा तिच्यावर छान बसतो. एम-६ साठीचा माझा ठोकळा तयार आहे, एम-८ चा करायचाय.

कव्हर आता नव्या पॅकिंगसह चढवलंय. स्क्रू आडव्या-तिडव्या क्रमाने, ८ ते १० न्यूटन मीटरला आवळले. गिअर ऑइल भरून रात्रभर उभी ठेवली, खाली कागद कोरडा. कॅरिअरच्या पट्टीला रेडऑक्साइड मारलंय, वरचा रंग बाकी आहे. रंग आट्यांत जाऊ नये म्हणून भोकांत जुने बोल्ट ग्रीस लावून घातलेत.