विसापर्यंत मोजताना

राज्य नाट्य स्पर्धेच्या सांगली केंद्रासाठी आम्ही दोन अंकी नाटक बसवायला घेतले, तेव्हा दिग्दर्शनाची जबाबदारी पहिल्यांदाच माझ्यावर आली होती. पात्रे आठ. संध्याकाळी साडेसातला शाळेच्या सभागृहात कोणी बँकेतून, कोणी दुकानातून, कोणी शिकवणी संपवून थेट यायचे आणि संहिता हातात घेऊन लगेच प्रवेशाला उभे राहायचे. पहिले दहा दिवस मी तसेच चालू दिले. वाक्ये पाठ झाली, हालचाली बसल्या. पण तिसऱ्या प्रवेशातल्या चौघांच्या भांडणात प्रत्येक जण दुसऱ्याच्या वाक्यावर चढत होता आणि मी कितीही वेळा थांबवले तरी त्यात फरक पडत नव्हता.

तेव्हा तालमीची पहिली वीस मिनिटे खेळांना द्यायचे ठरवले. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ नट, ज्यांना सगळे काकाच म्हणतात, ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "अरे, आम्ही काय बालवाडीत आलोय का?" मी त्यांना आग्रह केला नाही. त्यांनी खुर्ची भिंतीला लावली आणि बघत बसले.

सुरुवात विषामृताने केली, ही माझी चूक. शहाबादी फरशी, पायांत मोजे आणि दिवसभर खुर्चीत बसून आखडलेले सांधे. दुसऱ्याच फेरीत एकाचा पाय मुरगळला आणि त्याची आठ दिवसांची तालीम बुडाली. त्यानंतर अनवाणी उभे राहून मान, खांदे आणि घोटे मोकळे केल्याशिवाय कोणीही पळायचे नाही, असा नियम केला. 'शिवाजी म्हणतो'मध्ये हशा भरपूर पिकला. पण जो बाद होई तो चहाकडे किंवा मोबाईलकडे वळे, आणि ज्याला सरावाची सर्वाधिक गरज, तोच आधी बाद होई. त्यामुळे बाद करणारे खेळ मी बंदच केले.

आरशाच्या खेळाने मात्र मला पहिल्यांदा काही हाती लागल्यासारखे वाटले. दोघांनी समोरासमोर उभे राहायचे, एकाने सावकाश हालचाल करायची आणि दुसऱ्याने त्याचे प्रतिबिंब व्हायचे. काही वेळाने पुढाकार कोणाचा, हेच कळेनासे व्हायला हवे. व्हायोला स्पोलिन या अमेरिकन शिक्षिकेने शिकागोत मुलांबरोबर काम करताना अशा खेळांची पद्धत बसवली. खेळणाऱ्याचे सगळे लक्ष समोरच्या कामात गुंतले की त्याला स्वतःकडे बघायला सवड उरत नाही, हे त्यामागचे मर्म. आमच्या शिकवणीवाल्या ताईंना रंगमंचावर हातांचे काय करावे, हा कायमचा प्रश्न होता. आरशात त्यांचे हात इतके सहज फिरले की त्याच संध्याकाळी मी त्यांच्या प्रवेशातली माझीच आखलेली निम्मी हालचाल काढून टाकली.

तिसऱ्या प्रवेशाचे दुखणे मात्र मोजणीच्या खेळात उघडे पडले. गोल करून, नजर खाली ठेवून, कोणीतरी 'एक' म्हणायचे, मग दुसऱ्या कोणीतरी 'दोन'. क्रम ठरवायचा नाही, खूण करायची नाही, आणि दोघे एकदम बोलले की पुन्हा एकपासून. वीस गाठायचे. पहिल्या दिवशी आम्ही सहाच्या पुढे गेलो नाही. पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आले, की घोळ आकडा विसरल्यामुळे होत नव्हता. शांतता जरा लांबली की तीच दोन माणसे ती भरून काढायला धावत होती. भांडणाच्या प्रवेशात दुसऱ्यांची वाक्ये खाणारेही तेच दोघे होते. मी त्यांना काही सांगितले नाही. खेळात एक अट वाढवली, की आकडा म्हणण्याआधी प्रत्येकाने एक पूर्ण श्वास सोडायचा. आणि पुढे तीच अट तिसऱ्या प्रवेशाला लावली. भांडणाचा वेग कमी झाला नाही, मात्र वाक्ये ऐकू येऊ लागली.

काका शेवटपर्यंत गोलात आले नाहीत. पण खुर्चीत बसून, दोघे एकदम बोलले की "पुन्हा!" असा खणखणीत निकाल तेच देत असत. प्रयोगाच्या आदल्या रात्री त्यांची संहिता माझ्या हाती आली, तेव्हा मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने रोजचा गाठलेला आकडा लिहिलेला दिसला: सहा, चार, नऊ, सात, अकरा. सबंध पानावर वीस दोनदाच होते आणि दोन्हींखाली दुहेरी रेघ मारलेली होती.