नऊ घरांची वर्णमाला

ठाण्यात गोखले रोडच्या एका गल्लीत माझं गेम कन्सोल दुरुस्तीचं दुकान आहे. कंट्रोलरची स्टिक बदलणं, डिस्क न वाचणारी लेन्स साफ करणं, जळालेला पॉवर सप्लाय हे रोजचं काम. कन्सोलला जोडायचे कॅमेरे मात्र दुरुस्तीला सहसा येत नाहीत. जुनं मशीन विकताना लोक ते सोबत देऊन टाकतात आणि माझ्याकडे खोक्यात साठत जातात.

कोपरीहून एक काकू आल्या त्या अशाच कॅमेऱ्याची चौकशी करत. "भाऊ, हात न लावता खेळायचा कॅमेरा असतो म्हणे. ह्यांना चालेल का?" काका एसटीत कंडक्टर होते. मोटर न्यूरॉनच्या आजारानं आधी हात गेले, मग पाय, मग वाचा. ह्या आजारात डोळे हलवणारे स्नायू बहुतेकदा शेवटपर्यंत टिकतात, तसे त्यांचे टिकले होते. काकू पुठ्ठ्यावर लिहिलेल्या बाराखडीवरून बोट फिरवायच्या आणि काका हव्या त्या अक्षराला पापणी मिटायचे. एका वाक्याला अर्धा तास जायचा. नजरेवर चालणारं तयार यंत्र त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं.

काकूंच्या मनात होता तो काइनेक्ट. मायक्रोसॉफ्टनं २०१० मध्ये एक्सबॉक्स ३६० साठी आणलेला. तो इन्फ्रारेडच्या, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाच्या ठिपक्यांचं जाळं समोर फेकतो, त्यावरून अंतर मोजतो आणि माणसाचे २० सांधे ओळखतो. व्यायाम करून घ्यायला उत्तम. पण ज्याचा एकही सांधा हलत नाही त्याचं तो काय वाचणार?

मी खोक्यातून प्लेस्टेशन आय काढला. सोनीचा, २००७ चा, प्लेस्टेशन ३ साठीचा. दिसायला साधा, पण खेळात हात झपकन फिरला तरी चित्र फरफटू नये म्हणून तो ६४० बाय ४८० पिक्सेलची चित्रं सेकंदाला ६० घेतो, आणि चित्र ३२० बाय २४० चं केलं तर १२०. त्या काळचे बरेचसे वेबकॅम ३० वरच थांबायचे. शिवाय एक्स्पोजर, म्हणजे चित्र टिपताना उजेड किती वेळ आत घ्यायचा ते, आपल्या हातात ठेवता येतं आणि लिनक्स ह्या फुकट मिळणाऱ्या संगणक प्रणालीत तो चालवणारा ड्रायव्हर मुळातच आहे. बुबुळाचा मागोवा घ्यायला हेच तर लागतं. २००९ मध्ये अमेरिकेत काही कलाकार-प्रोग्रामरनी ह्याच आजारानं अंथरुणाला खिळलेल्या एका ग्राफिटी कलावंतासाठी ह्याच कॅमेऱ्यावर आयरायटर, म्हणजे नजरेनं रेघा काढायचं साधन, बनवला आणि त्याची सगळी कृती सर्वांसाठी खुली ठेवली. त्या माणसांचे उपकार मानावेत तेवढे थोडे.

कॅमेरा उघडला. लेन्सच्या मागे इन्फ्रारेड अडवणारी काचेची चकती असते, ती काढावी लागते. तिच्या जागी उलटं काम करणारं काहीतरी हवं, म्हणजे साधा उजेड अडवेल आणि इन्फ्रारेड सोडेल असं. नौपाड्यातल्या एका जुन्या फोटो स्टुडिओवाल्यानं धुतलेल्या निगेटिव्हचं काळं टोक दिलं, त्याचा तुकडा बसवला. टीव्हीचा रिमोट इन्फ्रारेडवरच चालतो, तो समोर धरून बटण दाबलं तर स्क्रीनवर लख्ख ठिपका! चकती निघाल्यानं फोकस सरकतो, तो पुन्हा लावला. डोळ्यावर टाकायचे इन्फ्रारेड एलईडी किती मंद आणि किती लांब ठेवायचे, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवलं. हा उजेड दिसत नाही, म्हणून डोळा मिटून घेत नाही. इथे अंदाजपंचे चालत नाही.

माझ्याकडे इंजिनिअरिंगचा एक मुलगा संध्याकाळी येतो. आम्ही दोघं सामान घेऊन कोपरीला गेलो. काकांच्या नाकावर वजन नको म्हणून कॅमेरा टेबललॅम्पच्या दांड्यावर, डोळ्याच्या थोडा खाली लावला. सुरुवातीला बुबुळ सापडेचना. खिडकीतलं ऊन नडत होतं, उन्हातही इन्फ्रारेड असतंच. काकूंनी जाड चादर टांगली आणि बुबुळ काळंभोर, गोल दिसायला लागलं. स्क्रीनवर एकेक ठिपका दाखवून नजर जुळवून घेतली. पण स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडला तर बाण दोन-दोन अक्षरं इकडेतिकडे थरथरायचा. एवढ्या छोट्या बटणांवर नजर ठरणं ह्या जुगाडाला जमणारं नव्हतं.

काकूंनी पुठ्ठा पुढे केला. "मी आधी क, च, ट, त, प विचारते. वर्ग कळला की मग त्यातलं अक्षर." मुलानं तिथंच बसून स्क्रीनचे नऊ मोठे चौकोन केले : स्वर, मात्रा, क, च, ट, त, प, य आणि पुसा. अनुस्वार मात्रांत घातला. एका घरावर सेकंदभर नजर थांबली की ते उघडतं, आत वर्गाची पाच अक्षरं आणि ‘मागे’. य च्या पानावर य र ल व श ष स ह आणि मागे, नऊच्या नऊ भरली. आपली वर्णमाला इतकी शिस्तीत मांडलेली आहे की तिचं निम्मं काम आधीच झालेलं होतं.

काकांनी लिहायला घेतलं. उ. ज. व. मग काना. ‘उजवा खांदा क’ इथवर आले आणि नजर भरकटली. य चं पान उघडलं, मागे. त चं उघडलं, मागे. पुन्हा य. मुलगा म्हणाला, "सेटिंग हललं." मी कॅमेऱ्याला हात घालणार तेवढ्यात काकू ओरडल्या, "थांबा! कळ म्हणायचंय ह्यांना. ह्याच्यात ळ आहे कुठे?"

खरंच नव्हता. य च्या पानावर जागाच उरली नव्हती. ट वर्गाच्या पानावर तीन घरं मोकळी होती, मुलानं ण च्या शेजारी ळ बसवला. काकांनी एका दमात ‘ळ’ टिपला आणि पुढे लिहिलं, ‘उशी काढ’. उजव्या हाताखाली कित्येक महिने उशी ठेवली जात होती, त्यांना आराम पडावा म्हणून. पुठ्ठ्यावर काकू विचारायच्या त्यालाच उत्तर मिळायचं, आणि उशीबद्दल विचारावं असं कोणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. काकूंनी उशी काढली. त्या काही बोलल्या नाहीत, आत जाऊन चहा टाकला. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टनं खांदा तपासून हाताची ठेवण बदलून दिली.

दुपारी ऊन फिरलं की अजूनही अडचण येते आणि काकांना कुशीवर वळवलं की नजर नव्यानं जुळवावी लागते. काकू ते आता स्वतः करतात. ऐरोलीच्या एका घरासाठी दुसरा कॅमेरा तयार करतोय. तुमच्या माळ्यावर प्लेस्टेशन ३ चा कॅमेरा पडला असेल तर भंगारात देऊ नका. लॅपटॉपला लावून चित्र येतं का आणि लेन्सभोवतीची कडी फिरते का, एवढं बघा आणि जपून ठेवा.