झाडावर राहणारे निवडुंग
निवडुंग म्हणजे वाळवंट, हा समज धरून मी रिप्सॅलिस बॅक्सिफेरा दोन महिने कडक उन्हात जवळजवळ कोरडे ठेवले होते. आज कुंडी बदलताना त्याच्या दोऱ्यासारख्या लोंबत्या फांद्या लालसर आणि सुरकुतलेल्या दिसल्या, तेव्हा स्वतःचाच राग आला. हे वर्षावनातील उंच झाडांच्या खोडांवर वाढते (बांडगूळ मात्र नव्हे, कारण ते त्या झाडाचा रस शोषत नाही), म्हणून त्याला पानांआडून झिरपणारा उजेड आणि दमट हवा मानवते. मुळांना चिकटलेली माती हलकेच धुऊन मी सालींचे तुकडे आणि कोकोपीट भरले. एका फांदीवर मोत्याएवढे, अर्धपारदर्शक पांढरे फळ अजून तग धरून आहे. अमेरिका खंडांबाहेर, आफ्रिकेत आणि श्रीलंकेतही, निसर्गतः आढळणारी निवडुंगाची ही एकमेव जात आहे.