पेट्रोल काय दूध आहे नासायला?

२०२५च्या दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. पाऊस मी म्हणत होता. एरवी रविवारी माझं गॅरेज बंद असतं, पण गणपती दहा दिवसांवर आलेले, त्यामुळे शटर अर्धं वर करून बसलो होतो. तेवढ्यात लालबागच्या आमच्या गल्लीतून चार पोरं एक बुलेट ढकलत आली. चौघंही आदल्या दिवशीचे गोविंदा. एकाच्या खांद्यावर बामाचा पट्टा. मागून छत्री घेऊन काका.

"थर लावताना एवढं अंग दुखलं नाही," पट्टेवाला म्हणाला आणि गाडी माझ्या दारात सोडून चौघंही चहाला पळाले.

गाडी माझ्या चांगल्याच ओळखीची. २०१४ची, कार्बोरेटरवाली, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनला देणारं जुन्या पद्धतीचं यंत्र असलेली. काकांचा मुलगा जहाजावर असतो. जानेवारीत जॉइन होण्याआधी तो गाडी घेऊन आला होता. सात-आठ महिने उभी राहणार, काय करू, असं त्यानं विचारलं. टाकी गळ्यापर्यंत फुल्ल कर, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद कर, बॅटरीची वायर काढ, एवढं मी सांगितलं आणि कार्बोरेटरच्या तळाला पेट्रोल साठवणारी वाटी असते, तिच्यातलं पेट्रोल माझ्या हातानं खाली केलं. पोरगा शिस्तीचा. पंपावर जाऊन साडेतेरा लिटरची टाकी काठोकाठ भरून आला, तेव्हा कॉक बंद करून वाटी पुन्हा रिकामी करून दिली.

आता पोरगा गणपतीला येणार, म्हणून काकांना गाडी चालू करून हवी होती.

"किक मारून मारून पाय गेला," काका म्हणाले. "प्लग बघ. प्लगच असणार."

प्लग काढला. काळा होता, पण मेलेला नव्हता. मग टाकीचं झाकण उघडलं आणि आधी नाकालाच कळलं. ताज्या पेट्रोलचा वास नाकात टोचतो. हा वास आंबूस होता, जुन्या रंगाच्या डब्यासारखा. बॅटरी मारून आत पाहिलं तर तळाशी थोडंसं काहीतरी डुचमळत होतं आणि वरच्या कोरड्या पत्र्यावर गंज धरला होता.

टाकी तर फुल्ल होती! म्हटलं, काका, चोरी झाली. आमच्याकडे चाळीच्या आवारात पाइप ओढून पेट्रोल काढणं काही नवीन नाही. काका बाहेरच्या पावसाकडे बघत म्हणाले, "असेल."

जे होतं ते पाण्याच्या पारदर्शक बाटलीत काढलं. लिटरभरही भरलं नाही. रंग कोऱ्या चहाचा. बाटली फळीवर ठेवून कार्बोरेटर उतरवला, पाच-दहा मिनिटांनी पाहतो तर बाटलीत दोन थर. वर तपकिरी पेट्रोल, खाली गढूळ पाण्यासारखं काहीतरी. काकांना दाखवलं.

"पेट्रोल काय दूध आहे नासायला?" काका म्हणाले. "मी गिरणीत बॉयलरवर होतो. मला तेल शिकवतोस?"

बॉयलरचं तेल जाड, त्याचा जीव दांडगा. पेट्रोलचं तसं नाही. त्यात जे हलकं असतं ते कापरासारखं उडून जातं, आणि थंड इंजिन पहिल्या किकला पेटतं ते त्या हलक्या भागावरच. तो गेला की मागे उरतं ते पेटायला आळशी. शिवाय हवा लागून लागून त्याचा डिंक होतो. आणि आता त्यात इथेनॉल. २०२२पर्यंत दहा टक्के झालं होतं, आता वीस. इथेनॉलचं पावसाळ्यातल्या मिठासारखं आहे, हवेतला ओलावा ओढून घेतं. थोडं पाणी ते पोटात जिरवतं, पण प्रमाण वाढलं की पाण्यासकट पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. कॉकचं भोक टाकीच्या तळालाच, त्यामुळे रिझर्व्हला लावलं की इंजिनला आधी हेच पाजलं जातं. त्यात ही गाडी चाळीच्या आवारात ताडपत्रीखाली, अख्खा पावसाळा.

काकांनी ऐकून घेतलं. पटलं असं काही दिसलं नाही.

मला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. कार्बोरेटरची वाटी मी जानेवारीत कोरडी केली होती. आता स्क्रू काढून खाली घेतली तर तळाला हिरवट-तपकिरी चिकटा, आंब्याचा चीक वाळल्यासारखा. पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट एका बाजूला चिकटलेला. पायलट जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी, काढून ट्यूबलाइटसमोर धरला. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक, तरी चांगल्या जेटमधून उजेडाचा ठिपका दिसतो. इथे अंधार. म्हणजे वाटीत पुन्हा पेट्रोल उतरलं होतं. चोर कॉक उघडून कार्बोरेटर भरत बसत नाही.

"काका, गाडी मध्ये कोणी चालू केली?"

"मी. दर रविवारी. इंजिन जाम होऊ नये म्हणून. दहा मिनिटं नुसती घुरघुर. जूनपासून बंदच पडली."

मुलाला मी सगळं सांगितलं होतं, बापाला कोण सांगणार, हे डोक्यातच आलं नाही. चूक माझीही. बॅटरीची वायर काढून ठेवली होती ती त्यांनी वायरमनकडून जोडून घेतली होती, हेही तेव्हाच कळलं.

"आणि बाकीचं पेट्रोल?"

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "घरी आहे." फेब्रुवारीत शेजारच्या आवारातल्या गाड्यांचं पेट्रोल गेलं, तेव्हा त्यांनी पाइप सोडवून सगळं कॅनमध्ये भरलं होतं. पोरगा लडाखला घेऊन गेलेला तो दहा लिटरचा लोखंडी जेरीकॅन. टाकीत उरलं होतं तीनेक लिटर.

"घरी म्हणजे कुठे?"

"माळ्यावर."

पाना खाली ठेवला आणि तसाच निघालो. काका मागून छत्री घेऊन.

दुसऱ्या मजल्यावरची खोली, दहा बाय बारा. काकू ओट्याशी उभ्या, गॅसवर कढई, बटाटेवड्यांचा घाणा चाललेला. ओट्याच्या तिरकस वर माळा. पुठ्ठ्याचं मखर, लाइटच्या माळांची पिशवी, आणि मागे गोणपाटात गुंडाळलेला कॅन. मी आधी गॅस बंद करा म्हटलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, झाकण जरा जरी ढिलं झालं असतं तरी ती खाली उतरून सरळ बर्नरवर आली असती. काकूंना काही कळेना. "त्यात काय आहे?" त्यांनी विचारलं. काकांनी त्यांना गणपतीच्या वेळचं रॉकेल म्हणून सांगितलं होतं! खरं कळल्यावर त्यांनी झारा कढईवर आडवा ठेवला आणि नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. मी कॅन घेऊन जिना उतरलो. वडे राहिले.

गॅरेजच्या बाहेर, आडोशाला कॅनची क्लिप उचलली. फुस्स करून वाफ सुटली. म्हणजे रबराचं वायसर धड होतं. आत गळ्याखाली दोन बोटं जागा, बाकी काठोकाठ. वास टोचणारा. बाटलीत थोडं काढलं तर स्वच्छ, तळाला थर नाही. तरी खात्री हवी म्हणून कॅलेंडरचा जुलै फाडला, त्याच्या कोऱ्या बाजूला दोन थेंब टाकले, एक टाकीतल्या पेट्रोलचा, एक कॅनमधल्याचा. कॅनमधला बघता बघता उडाला, कागद कोरा. टाकीतल्याचं पिवळं तेलकट कडं राहिलं.

एकच पंप, एकच दिवस, एकच पेट्रोल. इतकी वर्षं गिऱ्हाइकांना तोंडी सांगत आलो, पण शेजारी शेजारी असं मीही पहिल्यांदाच पाहिलं. लॉकडाउन उठल्यावर याचा अंदाज आला होता. फुल्ल टाकीवर उभ्या राहिलेल्या गाड्या बॅटरी बदलून पाच-सात किकमध्ये उठायच्या, रिझर्व्हवाल्या ढकलत यायच्या.

"मग टिकतं किती, ते एकदा सांग," काका आता नरमले होते.

म्हटलं, टाकी फुल्ल आणि झाकण घट्ट असेल तर दोन-तीन महिने मी बघणारही नाही. कॅन असा हवाबंद असेल तर सहा महिने, वर सुद्धा, हे तुमच्यासमोरच आहे. चतुर्थांश टाकी आणि पावसाळा म्हटलं तर महिन्या-दीड महिन्यात मी वास घ्यायला लागेन. पण कॅन पुन्हा घरात नको, काका.

पुढचं काम नेहमीचं. टाकी उतरवून धुतली, वाळवली. कडक झालेला पेट्रोलचा पाइप आणि फ्लोटची पिन बदलली. जुन्या गाड्यांचं रबर वीस टक्के इथेनॉलच्या हिशोबानं बनवलेलं नाही. जेट क्लीनरमध्ये बुडवून ठेवला आणि वायरमधली तांब्याची एकच तार घेऊन हलक्या हातानं मोकळा केला. इथे सुई घालणारे मिस्त्री मी पाहिलेत, पितळेचं भोक मोठं करून ठेवतात आणि मग गाडी जन्मभर पेट्रोल पिते. उजेडाचा ठिपका दिसला. टाकीत कॅनमधलं पाच लिटर आणि ताजं तीन लिटर घातलं, जुनं एकट्यानं वापरायला मन होईना. उरलेलं पाच माझ्या गाडीत, बिलातून वजा. चौथ्या किकला बुलेट बोलली.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी पोरगा गाडी न्यायला आला. चावी फिरवायच्या आधी झाकण उघडून त्यानं आत पाहिलं.

"टाकी फुल्ल करून गेलो होतो ना मी? अर्धीच कशी?"

मी काकांकडे पाहिलं.

"अरे, पेट्रोल उडतं," काका म्हणाले. "कापरासारखं. विचार ह्या मिस्त्रीला."