पाच खाड्यांच्या राज्याचं बारसं

माझ्या कादंबरीतल्या राज्याचा नकाशा भिंतीवर लागला तेव्हा त्यावर एकही नाव नव्हतं. पाच खाड्या, त्यांच्या मुखाशी बंदरं, मागे जांभ्याचे सडे, म्हणजे खडकाळ पठारं, आणि त्यांच्याही मागे घाट. जागांना नुसते आकडे दिले होते, आणि ते मुद्दामच. मला अद्भुताची कथा लिहायची होती: राजघराणी, आरमारं, समुद्राच्या पोटातल्या शक्ती असं सगळं असलेली. अशा कथेत नाव आधी सुचलं की लिहिणारा त्या नावाच्या मागे धावत सुटतो. ‘वज्रकेतू’ सुचला की त्याच्या डोक्यावर लगेच मुकुट चढतो. तो सकाळी उठून काय खातो, त्याला पोहता येतं का, हे विचारायचं राहूनच जातं.

आम्ही देवगड तालुक्यात खाडीच्या काठावर राहतो. माझे मामा आयुष्यभर तांडेल, म्हणजे होडीवरचे प्रमुख, होते, आता होडी मुलं चालवतात. एका संध्याकाळी ते घरी आले आणि नकाशासमोर उभे राहिले. राजधानी कुठली, राजवाडा कुठला, हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांचं बोट गेलं ते एका खाडीच्या तोंडाशी मी काढलेल्या बारीक ठिपक्यावर.

“ह्या काय?”

“खडक आसा, मामानू. नुसतो खडक.”

“नुसतो कसो? पाण्यातल्या खडकाक नाव नसला तर पोराक सांगतलंय कसा, खंय जांव नको ता? आकडो सांगान काय उपेग?”

मग त्यांनी प्रश्न सुरू केले. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, हा उघडा पडतो का? भांगाच्या, म्हणजे लहान, भरतीला दिसतो आणि उधाणाला बुडतो, की कायमच पाण्याखाली? वर फेस येतो का? खाडीतून बाहेर पडताना डाव्या हाताला की उजव्या? मला उत्तरं ठरवावी लागली, कारण तोवर मी ती ठरवलीच नव्हती. सुकतीला जेमतेम डोकं वर काढतो आणि पाणी चढायला लागलं की दिसेनासा होतो, असं मी म्हटलं. “मग ती बुडकी,” मामा म्हणाले आणि चहाकडे वळले. नकाशावरचं पहिलं नाव ते. पुढे तिसऱ्या प्रकरणात शत्रूचं आरमार त्याच बुडकीवर फुटलं. ते युद्ध माझ्या आराखड्यात नव्हतं, ते त्या नावातून आलं.

त्यानंतर प्रत्येक जागेपाशी मी तेच करत गेले. हे नाव कुणी ठेवलं, कुठे उभं राहून ठेवलं आणि त्याला त्याची गरज काय पडली? किनाऱ्यावर हे फार महत्त्वाचं आहे. समुद्रावरचा माणूस आपली जागा ओळखतो ती किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून: एखादा डोंगर आणि त्याच्या पुढ्यातलं देऊळ, किंवा मोठं झाड. त्यामुळे डोंगर त्याला आकाराने ठाऊक असतो. त्याच डोंगरावर गुरं चारणाऱ्याला तो आकार कधीच दिसत नाही. त्याला वरचं पाणी आणि गवत दिसतं. माझ्या राज्यातला एक डोंगर खलाशांसाठी ‘कासवटेंब’ आहे आणि सड्यावरच्या लोकांसाठी ‘तळ्याचा सडा’. दोन्ही एकच जागा आहेत हे नायिकेला कळायला अर्धी कादंबरी जाते.

दुसरी परीक्षा जिभेवरची. मराठीत गावाचं नाव फार वेळ एकटं राहत नाही, त्याला लगेच काहीतरी चिकटतं. वेंगुर्ला असेल तर वेंगुर्ल्याला, वेंगुर्ल्याहून, वेंगुर्लेकर. चिपळूणचं चिपळुणात. आचऱ्याचे ते आचरेकर. म्हणून प्रत्येक नवं नाव मी साध्या वाक्यांत घालून मोठ्याने म्हणायचे: उद्या अमक्याला जाऊन येतो, तो मूळचा अमक्याहून आलेला, ते अमकेकर फार हट्टी. ‘एल्थारिऑन’सारखी नावं इथेच अडतात. ‘एल्थारिऑनात पाऊस झाला’ असं म्हणताना जीभ अडखळते आणि त्या गावात पाऊस पडतोय यावर विश्वासच बसत नाही. ज्या नावाला ‘कर’ लागत नाही तिथे मला माणसं राहताना दिसत नाहीत.

मोठ्या बंदराच्या नावाने मला सर्वांत जास्त वेळ घेतला. ते जुनं बंदर आहे, शेकडो वर्षांचं, आणि जुनं नाव कधी एकसंध राहत नाही. शूर्पारकाचा सोपारा झाला. वसईचं पोर्तुगिजांनी बासाईं केलं आणि इंग्रजांनी बसीन. तेव्हा मी बंदराला आधी ताम्रपटात शोभेल असं नाव दिलं, ‘निरुंबपत्तन’, आणि मग ते झिजवत नेलं. पुजाऱ्यांच्या संकल्पात ते अजून निरुंबपत्तनच आहे. व्यापाऱ्यांच्या वह्यांत ‘निरुंबपाटण’. होडीवर नुसतं ‘निरूम’. समुद्रापलीकडून आलेले लोक त्याला ‘नेरुंबा’ म्हणतात. कोण कुठलं रूप वापरतं यावरून तो माणूस कुठला, शिकलेला किती, हे वाचकाला आपोआप कळतं. मला वेगळं सांगावं लागत नाही. आणि निरुमात, निरुमाहून, निरूमकर हे सगळं जिभेला सहज जमतं.

राजाज्ञेने दिलेली नावं वेगळी आणि तोंडातली वेगळी, हेही आपल्याकडे पावलोपावली दिसतं. बाणकोटच्या किल्ल्याला आंग्र्यांच्या काळात हिम्मतगड म्हणत, इंग्रजांनी त्याचा फोर्ट व्हिक्टोरिया केला, आणि आज आपण बाणकोटच म्हणतो. सिंधुदुर्ग शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतला. इंग्रजांच्या हाती पडल्यावर काही काळ तो फोर्ट ऑगस्टस झाला होता, पण ते नाव कुणाच्या तोंडात बसलं नाही. माझ्या कादंबरीत जिंकणारा प्रत्येक राजा पाचव्या खाडीवरच्या किल्ल्याला नवं नाव देतो. खाडीतले लोक मात्र त्याला फक्त ‘कोट’ म्हणत राहतात.

खेडजवळच्या जगबुडी नदीचा इथे मुद्दाम उल्लेख करते. जग बुडवणारी नदी! एखाद्याने कल्पनेतल्या राज्यात असं नाव घातलं असतं तर लोक अतिशयोक्ती म्हणाले असते. आपल्याकडे त्या नावाच्या पुलावरून एसटी रोज जाते.

माणसांच्या नावांकडे मी बरीच उशिरा आले, आणि तिथे मला गुरू भेटले ते शिलाहार, कोकणावर राज्य केलेलं जुनं राजघराणं. आमच्यापासून फार लांब नसलेल्या खारेपाटणला रट्टराजाचा ताम्रपट सापडला, शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा. दक्षिण कोकणच्या शिलाहारांची वंशावळ त्यात आहे: सणफुल्ल, धम्मियर, ऐयपराज, अवसर, आदित्यवर्मा, पुन्हा अवसर, इंद्रराज, भीम, पुन्हा अवसर आणि मग रट्टराज. उत्तर कोकणच्या शाखेत कपर्दी, पुल्लशक्ती, झंझ, गोग्गी, वज्जड, अपराजित, छित्तराज, मुम्मुणी. ही नावं मी पहिल्यांदा एकापाठोपाठ एक मोठ्याने वाचली तेव्हा अंगावर काटा आला. गोग्गी आणि अपराजित एकाच घरात! आपण कल्पनेतल्या राजघराण्याला नावं देतो तेव्हा ती सगळी एकाच साच्यातून काढतो, सगळेच ‘जित’ किंवा सगळेच ‘केतू’. खऱ्या घराण्यात आजोबांची बोली वेगळी असते, मधे कुणीतरी संस्कृत पंडित पदरी ठेवतो, आणि एखादं नाव आजोळहून येतं.

शिवाय हे राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत. तगर म्हणजे मराठवाड्यातलं तेर. राज्य समुद्रकाठी, आणि बिरुदात मात्र घाटापलीकडचं शहर. या एका बिरुदाने माझ्या कथेचा पाया बदलला. माझं राजघराणंही आता एका अशा नगराचं नाव बिरुदात मिरवतं जे त्यांच्यातल्या कुणीही पाहिलेलं नाही, आणि धाकटी राजकन्या ते शोधायला निघते.

तीन अवसरांचा प्रश्न होताच. आजोबांचं नाव नातवाला ठेवणं आपल्याला नवीन नाही, पण कादंबरीत वाचक गोंधळतो. मी नाव बदललं नाही. घरात सुना, दाया, नोकर त्याला वेगळ्या नावाने हाक मारतात आणि वाचक त्या हाकेवरून ओळखतो. इथे मला धोंडू, दगडू, भिकाजी ही नावं आठवली. आधीची मुलं दगावली की पुढच्याला असं नाव ठेवायचं, म्हणजे त्याच्यावर कुणाची नजर जाणार नाही. ज्या आईने ते नाव ठेवलं तिची भीती त्यात असते. माझा युवराज सिंहासनावर ‘अवसर’ आहे. त्याच्या आईसाठी तो ‘खडपा’ आहे, कारण त्याच्याआधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले. भर दरबारात ती एकदा चुकून ‘खडपा’ म्हणते, ते पान मी पुन्हा पुन्हा लिहिलं.

राणीलाही दोन नावं आहेत. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहून सुनेला ते देण्याची आपली पद्धत मी तशीच उचलली. ती दुसऱ्या खाडीतून आलेली आहे, आणि माहेरी पाठवलेल्या पत्रांखाली जुन्या नावाने सही करते.

खलनायकाला घ, ढ, भ भरून कर्कश नाव देणं मला पटत नाही. दशावतारात राक्षस येतो तेव्हा ते शोभतं. तिथे एका बाकड्यावर अख्खं सिंहासन उभं करायचं असतं आणि नाव मांडवाच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचं असतं. कादंबरीत मात्र त्या माणसालाही कुणीतरी पाळण्यात घालून नाव ठेवलेलं आहे. माझ्या खलनायकाचं नाव ‘सोनवा’ आहे. त्याच्या आजीने ठेवलेलं.

एक बारीक गोष्ट, पण लिहिणाऱ्यांच्या उपयोगाची. च, ज, झ ही अक्षरं जपून वापरा. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च एक नाहीत, आणि नव्या नावात कुठला उच्चार करायचा हे वाचकाला कळायला मार्ग नसतो. मी अशी नावं टाळली, किंवा त्या अक्षरापुढे इ, ए घेतला, म्हणजे सहसा एकच उच्चार उरतो.

सगळी नावं लागल्यावर पहिली प्रकरणं मी भाचरांना आणि मामांना पडवीत बसून वाचून दाखवली. मुलं ‘निरूम’ लगेच बोलायला लागली. अडली ती फक्त घाटातल्या खिंडीपाशी. तिला मी ‘व्योमद्वार’ म्हटलं होतं आणि ते ऐकताना प्रत्येक वेळी कुणीतरी “खंय?” विचारत होतं. मामांनी विचारलं, त्या खिंडीतून काय जातं? मीठ, मी म्हटलं. खाली मिठागरं आहेत आणि बैलांच्या पाठीवरून मीठ वर जातं. आता नकाशावर तिथे ‘मीठखिंड’ लिहिलेलं आहे, आणि ‘व्योमद्वार’ फक्त राजकवीच्या एका श्लोकात उरलं आहे.