डाग गेले त्या दिवशी

१८ डिसेंबर, रात्री साडेअकरा

काल टाकीतल्या मॉली माशाच्या शेपटीवर रव्याचे दाणे चिकटावेत तसे अकरा पांढरे डाग होते. आज सकाळी मोजले तर दोनच. आणि मला हायसं वाटलं. दिवसभर सलतंय ते हेच, हायसं वाटलं हे.

कारण डाग गेले म्हणजे काय झालं, हे मला पक्कं ठाऊक आहे. तो पांढरा दाणा म्हणजे कातडीखाली बसून माशाला खाणारा जीव. वर कातडीचं पांघरूण असल्याने तिथे त्याच्यावर ना मीठ चालतं ना औषध. पोट भरलं की तो आपणहून सुटतो, तळाच्या खड्यांत जाऊन बसतो, भोवती कवच करतो आणि आतल्या आत फुटत जातो. एकाचे शेकडो, कधी हजारभरही. मग ती पिल्लं नवा मासा शोधत पोहायला निघतात आणि मासा सापडला नाही तर साधारण दोन दिवसांत मरतात. मारता येतात ती तेवढ्याच वेळात. म्हणजे काल अकरा शत्रू निदान डोळ्यांसमोर होते. आज नऊ बेपत्ता आहेत आणि मी खूश!

या जिवाचं शास्त्रीय नाव इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस, १८७६ सालचं. अर्थ लावला तर माशाची लेकुरवाळी ऊ. नाव ठेवणाऱ्याने तरी फसवलेलं नाही.

धाकटी म्हणाली, "गेले की आता, काढ तो हीटर. बिल किती येईल?" काढला नाही. पण हात बटणापर्यंत गेला होता, हे इथे लिहून ठेवतो.

सगळं सुरू कुठून झालं तेही आता कळतंय. टाकी दोन बाय एक बाय एक फूट, खडे आणि वरची मोकळी जागा सोडून पाणी ४५ लिटर. पाणी बदलताना १३ लिटर गच्चीवरच्या ड्रममधून घेतलं. ड्रममध्ये दिवसभर उघडं राहिल्याने क्लोरीन उडून गेलेलं, ते ठीक. पण परभणीच्या थंडीत रात्रभर गच्चीवर राहिलेलं पाणी १६ अंशांवर येतं. टाकीत २५ अंशांचं ३२ लिटर, त्यात हे १३ लिटर ओतलं की सगळं पाणी थेट साडेबावीसच्या खाली. अशा झटक्याने माशाची ताकद खचते आणि नव्या माशाबरोबर आलेला, गलफड्यांत दबून बसलेला रोग डोकं वर काढतो. नवे गप्पी मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवायचे असतात. तेव्हा मी काय केलं, ते जाऊ दे.

ओतायचं पाणी आता स्टीलच्या पातेल्यात कोमट करून मिसळतो. बंबातलं घेत नाही, तांबं माशांना बाधतं.

तापमान चढवायला तीन दिवस लागले. सकाळी एक अंश, संध्याकाळी एक, २४ वरून ३० पर्यंत. हीटर ५० वॅटचा, पण त्याच्या चकतीवरच्या आकड्यावर भरवसा नाही. वेगळा थर्मामीटर पलीकडच्या टोकाला लावलाय. उष्णतेने जंतूचा फेरा भरभर फिरतो आणि ३० च्या वर बहुतेकांची वाढच खुंटते. २५-२६ अंशांत तोच फेरा चार-सहा दिवसांचा असतो, १० अंशांत महिन्यावर लांबतो. म्हणूनच पहिल्या दोन दिवसांत डाग उलट वाढलेले दिसतात, आणि माणूस घाबरून औषध दुप्पट टाकतो. गरम पाण्यात प्राणवायूही कमी राहतो, म्हणून हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन पूर्ण जोरात. गलफडी आधीच जंतूंनी खाल्लेली असतात. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर आधी हवा, मग बाकीचं.

मीठ लिटरला दोन ग्रॅम, म्हणजे ९० ग्रॅम. चमच्याने नाही, काट्यावर मोजून. टाकीतल्याच पाण्यात मगभर विरघळवायचं आणि दीड दिवसात तीन हप्त्यांत घालायचं. मिठाचे खडे तसेच टाकले तर तळाशी झाडांची मुळं जळतात. पाणी बदललं की बदललेल्या १३ लिटरपुरतंच मीठ, २६ ग्रॅम. वाफेने उडालेल्याची भर घालताना मीठ अजिबात नाही, कारण वाफेबरोबर मीठ जात नाही. खरी गडबड इथेच होते: दर वेळी पुन्हा ९० ग्रॅम घालत राहतात, आणि मासा गेला की दोष रोगाला देतात. मॉलीला मीठ मानवतं. लोच किंवा कॉरिडोराससारखे मिठाला नाजूक मासे असते तर निम्म्यावर आलो असतो.

दुकानात निळी बाटली पुढे केली होती. मिथिलीन ब्लूचा या रोगावर फारसा जोर नाही, वर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात. मॅलाकाइट ग्रीन हे हिरवं औषध चालतं, पण हातमोजे घालून, फिल्टरमधला कोळसा काढून आणि दिवा बंद ठेवून. खायच्या माशांत त्याला बंदी आहे. मीठ आणि ऊब पुरत असताना त्याच्या वाटेला कशाला जा.

एक दिवसाआड खड्यांत नळी खुपसून गाळ ओढायचा, कवचं तिथेच असतात. त्याआधी हीटर बंद करून पंधरा मिनिटं थांबायचं, नाहीतर गरम काच हवेत उघडी पडून तडकते. इथे नळाला आठवड्याने पाणी येतं आणि मी दिवसाआड बादलीभर पाणी काढतोय. ते खारट, तुळशीलाही चालत नाही. शेवटी संडासात ओततो. ओतताना वाटतं, सगळी उस्तवार माझ्याच गळ्यात का? गच्चीवरचं गार पाणी मीच ओतलं, हेही लगेच आठवतं, मग गप्प बसतो.

गंमत अशी की मे महिन्यात हीच टाकी याच खोलीत काही न करता ३२ ला जाते. तेव्हा मी बर्फाच्या पिशव्या सोडत असतो. आता डिसेंबरात पैसे भरून मे विकत घेतोय. जाळी मात्र गच्चीवर कडकडीत वाळवली. सुकलं की हा जंतू टिकत नाही, आणि ऊन आपल्याकडे बाराही महिने फुकट.

शेवटचा डाग गेल्यावर अजून आठवडाभर तरी ३० अंश आणि मीठ तसंच ठेवायचं. उद्या डाग शून्य दिसले तरी. पुन्हा हायसं वाटेलच, त्याला इलाज नाही. फक्त हात बटणाकडे जाऊ द्यायचा नाही. भारनियमनात पाण्याचं तापमान किती उतरतं, ते उद्या बघायचंय.

दुधाचे खाडे लिहितो त्याच कॅलेंडरवर मोजणी चाललीय. आजच्या चौकटीत दूध दीड लिटर, डाग दोन.