गोकर्णाचं फूल आणि नवसागराचा धूर

मंगळवार, रात्री अकरा

खिडकीत टांगायच्या काचेच्या गोकर्णाचे आज २१ पैकी १९ तुकडे कापून झाले. राहिलेले दोन तेच, फुलाच्या दोन्ही अंगांना येणारे, आत वळणारे, ज्यांना मी तीन दिवस टाळतेय. काचेला बाहेरची गोलाई चालते, आतली चालत नाही, चरा पाडला की तिला सरळच जायचं असतं आणि मग वळणाच्या पोटातून ती टचकन जाते. म्हणून आतलं वळण एका दमात काढायचं नसतं, आधी एक उथळ चंद्रकोर काढायची, मग तिच्या आत दुसरी, मग तिसरी, असं थोडं थोडं खात जायचं आणि शेवटचं उरलंसुरलं ग्राइंडरवर घासायचं. हात दमलेत. दमलेल्या हाताने काच कापायची नाही हे मी ठरवून टाकलंय, त्यामुळे उद्या.

हे आत्याला द्यायचंय, भाऊबिजेला. आत्या ८१ वर्षांची, बाबा ७६, आणि ती अजून दरवर्षी रिक्षा करून बाबांना ओवाळायला येते. बाबा ताटात पाकीट ठेवतात, ती ते न बघता पर्समध्ये टाकते, दरवर्षी असंच. यंदा बाबाच म्हणाले, "ताईला पैशाचं काय करायचंय, तू ते काचेचं करतेस ना, तसलं काहीतरी कर माझ्याकडून." मला इतकं बरं वाटलं ना, कारण बाबांनी आजपर्यंत माझ्या या उद्योगाकडे "धूर कमी कर" यापलीकडे लक्ष दिलेलं नव्हतं.

गोकर्णच का, तर कसब्यातल्या वाड्यात जिन्याच्या कठड्यावर गोकर्णाचा वेल होता आणि सोमवारी महादेवाला ती फुलं काढायचं काम आत्याकडे असायचं. मी तो वेल पाहिलेला नाही, ऐकलेला आहे. वाडा पाडला तेव्हा दरवाजावरच्या अर्धगोलातल्या रंगीत तावदानांपैकी एक हिरवा तुकडा बाबांनी वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता, तो इतकी वर्षं माळ्यावर होता. त्याची दोन पानं कापली. कापताना श्वास रोखून धरला होता खरंच, कारण दुसरा तुकडा नाही. जुनी काच आहे, आत बारीक बुडबुडे आहेत, एका टोकाला जाडी २ मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ ३. कटरचं चाक एकदाच फिरवायचं, परत त्याच रेषेवरून न्यायचं नाही, आणि जोर बेताचा. नीट चरा पडत असेल तर कापड फाडल्यासारखा सलग आवाज येतो, आवाज तुटला की समजायचं तिथे काच दगा देणार. आज दोन्ही पानांना आवाज सलग आला.

शुक्रवार

फॉइल लावायला बसले. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं कापणं हेच मुख्य काम, पण माझा सगळ्यात जास्त वेळ या पट्टीत जातो. तांब्याची पातळ पट्टी, एका बाजूला चिकट, ती प्रत्येक तुकड्याच्या कडेभोवती फिरवायची, बरोब्बर मध्यावर, म्हणजे पुढे आणि मागे सारखीच दुमडली जाते. माझी पट्टी साडेपाच मिलिमीटरच्या आसपास आहे, काच ३ ची, म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वा सव्वा मिलिमीटर उरतं. एका बाजूला सरकली की पुढून रेघ जाड आणि मागून नुसता दोरा, आणि ते वर सोल्डर, म्हणजे तुकडे जोडणारा कथील-शिशाचा वितळवलेला धातू, चढवल्यावरही लपत नाही. मग लाकडी काडीने कड दाबून दाबून अशी घासायची की नख फिरवलं तर अडकता कामा नये. त्या हिरव्या पानांच्या बाबतीत तर जाडीच सारखी नसल्यामुळे पट्टी एका टोकाला जास्त उरत होती, ती मग ब्लेडने छाटून सारखी केली, एका पानाला चाळीस मिनिटं.

पट्टीची आतली बाजू कोणत्या रंगाची आहे हेही बघावं लागतं. निळी काच पारदर्शक आहे, तिरकं बघितलं की कडेतून पट्टीचं पोट दिसतं. शेवटी सोल्डरला तांब्याचा रंग द्यायचा म्हणून पोटही तांब्याचंच घेतलं. काळं करायचं असतं तर काळ्या पोटाची घेतली असती.

पाठीचं एवढं का, तर आत्यामुळे. मी सहावीत असताना तिने मला कशिदा शिकवला, आणि रुमाल हातात दिला की ती पहिल्यांदा उलटा करायची. पुढचं फूल बघायचीच नाही. मागे गाठी दिसल्या, दोरे आडवेतिडवे गेलेले दिसले की काही न बोलता उसवायला द्यायची. तेव्हा राग यायचा मला तिचा, आता तुकडा हातात घेतला की माझाही अंगठा आधी मागे जातो.

आणि गेल्या वर्षीचं आहेच. वहिनीला जास्वंद करून दिली होती, तिने हौसेने खिडकीत लावली, आणि दोन महिन्यांनी रात्री ती खाली पडली. चूक माझी होती. अडकवायची कडी मी कडेच्या फॉइलवर, एका पाकळीच्या मधोमध जोडली होती. फॉइल काचेला धरून असतं ते फक्त गोंदाने, कडीवर वजन आलं की ते हळूहळू सोलत येतं. वहिनीने तुकडे गोळा करून श्रीखंडाच्या डब्यात ठेवले आणि मला महिनाभर सांगितलंच नाही, मला वाईट वाटेल म्हणून. ज्या वेळी कळलं त्या वेळी पहिली भीती ही वाटली की खाली भाची खेळत असती तर. म्हणून यंदा कडी जिथे दोन तुकड्यांचा सांधा कडेला येतो तिथेच, आणि शिवाय सबंध गोलाकाराभोवती तांब्याची तार फिरवून ती पूर्ण सोल्डर करणार, म्हणजे वजन तारेवर येईल. वहिनीची जास्वंद पण पुन्हा करायची आहे, तिच्या पाकळ्या काढून ठेवल्यात.

रविवार, दुपार

आज सोल्डरिंग. गॅलरीत टेबल, टेबलफॅन बाहेरच्या दिशेने, ॲप्रन वेगळा, आणि भाचीला आज यायचं नाही असं सांगून ठेवलेलं. माझी सोल्डरची तार ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं अशी आहे. १८३ अंशांना मऊ व्हायला लागते आणि १९० च्या आसपास पूर्ण पातळ होते, आणि लगेच आवळते, त्यामुळे वर गोलसर, फुगीर रेघ येते. अर्ध्याला अर्धी घेतली तर ती जास्त वेळ पातळ राहते आणि चपटी पसरते. शिसं आहे म्हणून मी हे काम स्वयंपाकघरात कधीच करत नाही, मध्ये चहा नाही, झाल्यावर हात साबणाने कोपरापर्यंत. सुरुवातीला बुधवार पेठेतून रेडिओ दुरुस्तीची तार आणली होती, तिच्या पोटात राळ असते, तिने सगळी काच चिकट काळी करून ठेवली होती. आपल्याला पोकळ नसलेली, भरीव तार लागते आणि फ्लक्स, म्हणजे तांबं साफ करून सोल्डर धरायला लावणारं द्रव्य, वेगळा ब्रशने लावायचा.

आधी चार ठिकाणी थेंब टाकून तुकडे जागच्या जागी धरले, मग सगळ्या फॉइलवर पातळ थर. हे बघायला मला फार आवडतं. लालसर तांब्यावर फ्लक्स लावून सोल्डरिंगच्या तापलेल्या इस्त्रीचं टोक टेकवलं की रुपेरी रंग पळत जातो, जिथे तांबं आहे तिथेच, काचेवर एक कण चढत नाही.

बाबा दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. टोक काळं पडलं म्हणून मी ते नवसागराच्या वडीवर घासलं, पांढरा धूर निघाला, आणि बाबा पेपर खाली ठेवून उठलेच. "अगं, हा तर कल्हईवाल्याचा वास." मग जवळ येऊन वाकून बघत राहिले. "ही कल्हईच की. तांबं, कथील, नवसागर. तू कल्हई करतेयस." आणि खरंच की, मी इतकी वर्षं हे करतेय आणि माझ्या डोक्यात कधी आलं नाही. तिकडे भांडं तापवून कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचे, इकडे मी इस्त्रीने फिरवतेय, बाकी तेच. फरक शिशाचा. कल्हई अन्नाच्या भांड्याला, तिथे शुद्ध कथीलच हवं, माझी तार त्या भांड्याजवळ आणायची सुद्धा नाही.

मग बाबांना थांबवणं अवघड होतं. वाड्याच्या अंगणात तो खड्डा करून भट्टी लावायचा, भाता जमिनीत पुरायचा, घरोघरची पातेली, परात, तपेली उलटी रांगेत लावलेली, आणि तांबट आळीतून दिवसभर ठोक्यांचे आवाज यायचे. झालेलं भांडं बादलीत बुडवलं की चर्र व्हायचं. बाबांनी लगेच आत्याला फोन लावला (मी खुणा करत होते, सांगू नका म्हणून). "ताई, कल्हईवाल्याचा भाता आठवतो का गं तुला?" स्पीकरवर होता फोन. "न आठवायला काय झालं, मला ओढायला द्यायचा तो. तू लहान, तुला नाही द्यायचा, म्हणून तू रडायचास." बाबा गप्प. मग म्हणाले, "हो, रडायचो." फोनचं कारण तिने विचारलंच नाही, त्या दोघांना कारण लागत नाही.

पुढची बाजू संध्याकाळी पूर्ण झाली, पाठीची उद्या. घाई केली आणि एकाच जागी इस्त्री जास्त वेळ टेकली तर काच उष्णतेने तडकते, किंवा सोल्डर वितळून दुसऱ्या बाजूने थेंब होऊन खाली पडतं.

सोमवार, रात्री

पाठ झाली. तार पण फिरवली, कडी बसवली. कडीला हाताने जोरात ओढून बघितलं, मग दोन किलो वजनाची पिशवी अडकवून तासभर टांगून ठेवलं, गादी खाली टाकून.

पाठीवर हात चालवताना क्लारा ड्रिस्कॉलची आठवण येत होती. तांब्याच्या पट्टीचं हे काम जगभर टिफनीच्या नावाने ओळखलं जातं, लुई कम्फर्ट टिफनी, न्यूयॉर्कचा. पण त्याच्या कारखान्यात काच निवडायचा आणि कापायचा बायकांचा विभाग होता, त्याची प्रमुख ही क्लारा, आणि चतुर किड्यांची (ड्रॅगनफ्लाय) नक्षी असलेला तो प्रसिद्ध दिवा तिने काढलेला. लग्न झालं की बाईला तिथून निघावं लागायचं, तीही गेली होती, नवरा वारल्यावर परत आली. ती आईला आणि बहिणींना घरी लांबलचक पत्रं लिहायची, कामाची, दमल्याची, सायकलची. ती पत्रं हाती लागली तेव्हा लोकांना कळलं, २००७ साली न्यूयॉर्कमध्ये त्यावर प्रदर्शन झालं. पत्रं नसती तर काहीच कळलं नसतं. आपल्याकडे कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये (१८५८ चं) काचा बघायला गेले होते तेव्हाही तेच मनात आलं होतं. तिथे खिडक्या विल्यम वेल्सच्या म्हणतात, पण इतक्या तुकड्यांभोवती शिशाच्या खोबणीच्या पट्ट्या वळवणारे हात कोणाचे? तिथे मान दुखेपर्यंत वर बघत उभी होते.

मंगळवार

आज रंग. साबणाच्या पाण्याने दोनदा धुतलं, फ्लक्सचा अंश राहिला तर नंतर पांढरी बुरशी आल्यासारखी येते. मग मोरचूद. हो तोच, निफाडला मामा द्राक्षांवर चुन्यात कालवून बोर्डो मारायचे तो. निळे खडे गरम पाण्यात विरघळवायचे, हातमोजे घालून बोळ्याने सोल्डरवर चोळायचं, आणि रुपेरी रेघ बघता बघता तांब्याची होते. द्रावणातलं तांबं सुटं होऊन कथील-शिशावर बसतं. लहानपणी मामांचा मोरचूद लागलेला निळा सदरा मामी वेगळा धुवायची, आज मी पण ॲप्रन वेगळा भिजवलाय. रात्री मेण लावून पुसलं. निळ्या पाकळ्या, मध्ये दुधी-पिवळा ठिपका, खाली वाड्याच्या काचेची दोन पानं. एकोणीस दिवस लागले.

भाऊबीज

आत्या सकाळी अकराला आली. ओवाळून झालं, बाबांनी पाकिटाऐवजी ताटात खोकं ठेवलं तेव्हा तिने बाबांकडे बघितलं. उघडलं, कागद बाजूला केला, आणि मी बघत होते, तिने ते उचललं आणि उलटं केलं. चष्मा वर सरकवला, अंगठा मागच्या रेघांवरून फिरवला, वेलावरून, पानावरून, कडीपर्यंत. मला सहावीतलीच धडधड होत होती. मग सरळ केलं आणि म्हणाली, "गोकर्ण."

पान ओळखते का म्हणून मी थांबले होते, पण बाबांना राहवलं नाही, "ताई, ते हिरवं आपल्या दारावरचं!" असं मोठ्याने सांगून मोकळे झाले. ती काही बोलली नाही बराच वेळ. पान उजेडाकडे धरलं, त्यातला बुडबुडा नखाने दाखवला बाबांना, दोघं त्यावर डोकी जवळ आणून बसली होती आणि मी श्रीखंड वाढायला आत गेले.

निघताना तिला सगळं सांगितलं, ओल्या फडक्याने नको, कोरड्याने पुस, हाताळलंस की हात धू, स्वयंपाकघरात आणि देव्हाऱ्यावर लावू नको, शिसं आहे. तिने मान डोलावली आणि विचारलं, "वहिनीचं केलंस का परत?" म्हणजे वहिनीने तिला सांगितलं होतं तर.

आज सकाळी तिचा फोन आला. शेजारच्या मुलाकडून पश्चिमेच्या खिडकीत लावून घेतलंय. चार वाजता भिंतीवर निळं पडतं, साडेचारला ते कॅलेंडरवर येतं, आणि हिरवं त्याच्या खाली, अगदी लहान. उद्या आजपेक्षा किती सरकतं ते बघायला तिने भिंतीवर पेन्सिलीने खूण केलीय.

जास्वंदीच्या पाकळ्या टेबलावर काढल्यात.